रिटायर्ड, पण धोकादायक!

मे महिना संपत आला, की आपल्याकडं निरोप समारंभांची एकच गर्दी उडते. त्याचं कारणही मजेशीर आहे. पूर्वी शाळेत नाव घालताना पोराची खरी जन्मतारीख आईबापालाच ठाऊक नसायची. मग गुरुजी सरसकट १ जून लिहून टाकायचे. त्या १ जूनवाल्यांची अख्खी फौज ३१ मे रोजी जिल्हा परिषदेतून, तहसिलातून, दवाखान्यांतून एकदमच रिटायर होते. शाल, श्रीफळ, साडी, ग्रुप फोटो, पेढे आणि भाषणं.

ही भाषणं कधी नीट ऐकलीत का, मैत्रिणींनो? निरोप पुरुषाचा असेल तर वक्ते म्हणतात, ‘साहेबांच्या अनुभवाचा फायदा आम्हाला यापुढंही मिळत राहो.’ आणि निरोप बाईचा असेल तर? ‘मॅडम, आता नातवंडांत रमा, घराकडं लक्ष द्या.’ जसं काही गेली तीस वर्षं त्यांच्या घराकडं दुसरंच कुणीतरी बघत होतं!

साहेब रिटायर झाले तरी त्यांचा अनुभव उरतो. मॅडम रिटायर झाल्या की उरतो तो फक्त त्यांचा रिकामा वेळ. हा हिशेब कुणी मांडला असेल? हा प्रश्न माझ्या डोक्यात घोळत असतानाच घरच्या टीव्हीवर एक इंग्रजी सिनेमा बघितला. हाणामारीचा, गोळीबाराचा, आणि तरीही हसून हसून पुरेवाट करणारा. नाव ‘रेड २’. रिटायर झालेल्या गुप्तहेरांच्या गोष्टीचा हा दुसरा भाग. म्हटलं, आपल्या पुरवणीत या सिनेमावर लिहायचंच. कारण वरवर तो बंदुकांचा असला, तरी आतून तो रिटायर माणसांबद्दलच बोलतो.

आधी पहिल्या भागाची ओळख करून देते. ‘रेड’ २०१० साली आला. वॉरन एलिस आणि कली हॅमनर यांच्या एका चित्रकथेवर तो बेतलेला होता. आमच्या छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे तेव्हाच्या औरंगाबादेत, त्याच वर्षी प्रोझोन मॉल उघडला होता. तोवर आमच्या लेखी सिनेमा म्हणजे अंबा-अप्सरा, अंजली, नाहीतर सादिया. तर ‘रेड’ ही तीन इंग्रजी शब्दांची आद्याक्षरं आहेत. अर्थ असा, की ‘रिटायर्ड, एक्स्ट्रीमली डेंजरस’. निवृत्त, पण अतिशय धोकादायक. सरकारी फायलीवर असा शिक्का बसलेली ही माणसं. आपल्या पेन्शनच्या फायलीवर असा शिक्का कुणी मारला तर काय बहार येईल!

पेन्शनवरून आठवलं, पहिल्या भागाची सुरुवातच मुळी पेन्शनपासून होते. फ्रँक मोझेस (ब्रूस विलिस) हा अमेरिकेच्या सीआयए या हेरखात्यातून रिटायर झालेला एकटा माणूस. वेळ जाता जात नाही. पेन्शनचा चेक आला की पठ्ठ्या तो फाडून टाकतो आणि ‘चेक मिळाला नाही’ म्हणून पेन्शन ऑफिसला फोन लावतो. का, तर तिथं काम करणाऱ्या सारा नावाच्या बाईशी दोन शब्द बोलता यावेत म्हणून. हसू येतं, आणि थोडं पोटातही कालवतं. रिटायर झाल्यावर बोलायला माणूस नसणं म्हणजे काय, ते एका फाटलेल्या चेकमधून कळतं.

मग त्याच्यावर हल्ला होतो आणि तो जुन्या साथीदारांना गोळा करत सुटतो. एक जण वृद्धाश्रमात आहे, ८० वर्षांचा (मॉर्गन फ्रीमन). दुसरा मार्विन (जॉन माल्कोविच), महासंशयी, थोडा चक्रम. आणि तिसरी व्हिक्टोरिया. हेलन मिरेन! ‘द क्वीन’ या सिनेमात राणी एलिझाबेथचं काम करून ऑस्कर घेतलेली ही ब्रिटिश अभिनेत्री. व्हिक्टोरिया आता एका रम्य गावात छोटंसं अतिथिगृह चालवते. फुलं रचते, पाहुण्यांची सरबराई करते. फ्रँक आणि मंडळी तिच्या दारात येतात, तेव्हा ती शांतपणे सांगते, की पूर्ण सोडणं काही जमलं नाही, अधूनमधून एखादं ‘काम’ घेते. काम म्हणजे कुणाला तरी उडवणं. आपण नाही का म्हणत, ‘आता ऑर्डरी बंदच केल्यात, पण ओळखीचं कुणी आलं तर करून देते दोन किलो चकल्या’? अगदी त्याच सुरात.

तिचं एक जुनं प्रेमप्रकरणही आहे. इव्हान नावाचा रशियन हेर. खात्यानं तिच्या निष्ठेची परीक्षा घ्यायचं ठरवलं, तेव्हा तिनं त्याच्या छातीत तीन गोळ्या घातल्या. आणि त्या इव्हानला त्यावरूनच खात्री पटते, की हिचं आपल्यावर खरं प्रेम होतं. नाहीतर गोळ्या डोक्यात घातल्या असत्या! अशा प्रेमिकांपुढं आपल्या सिरियलींमधले नवरा-बायकोचे गैरसमज म्हणजे अगदीच मिळमिळीत.

आता ‘रेड २’. हा आला जुलै २०१३ मध्ये. दिग्दर्शक डीन पॅरिसो. सुरुवातीलाच फ्रँक आणि सारा एका मोठ्या सुपरमार्केटमध्ये ट्रॉली ढकलत फिरताना दिसतात. फ्रँकला आता शांत संसार हवाय. घरसामान घ्यावं, अंगण धुवावं, बास. आणि सारा? ती कंटाळलीय! तिला त्याच्याबरोबर धावपळ करायचीय, बंदूक चालवायला शिकायचंय. इथं मी सोफ्यावर सरसावून बसले. कारण उलटं चित्र आपण रोज बघतो. नवऱ्याला मित्र, कट्टा, फिरणं आणि बायकोला संसार. इथं तो म्हणतो, ‘तू घरी सुरक्षित राहा’ आणि ती म्हणते, ‘मला नको सुरक्षित.’ सुरक्षिततेच्या नावाखाली आपल्याला किती ठिकाणी जाऊ दिलं नाही, याची यादी प्रत्येकीकडं असेल.

पुढं गोष्ट वेगानं पळते. शीतयुद्धाच्या काळात मॉस्कोत तुकड्या-तुकड्यांनी नेऊन लपवलेला एक बॉम्ब, त्याच्या मागावर सगळं जग, पॅरिस, मॉस्को, लंडन अशी पळापळ. तो बॉम्ब बनवणारा शास्त्रज्ञ (अँथनी हॉपकिन्स) गेली ३२ वर्षं लंडनच्या एका वेड्यांच्या इस्पितळात कोंडून ठेवलेला. फ्रँकची जुनी रशियन मैत्रीण (कॅथरिन झीटा-जोन्स) मध्येच टपकते आणि साराच्या कपाळावर आठ्या. शेवट सांगत नाही, नाहीतर माझ्या नावानं बोटं मोडाल.

व्हिक्टोरियाचे तीन प्रसंग मात्र सांगितल्याशिवाय राहवत नाही. पहिला : ब्रिटिश हेरखातं तिलाच फ्रँकला मारायची सुपारी देतं. ती फ्रँकला फोन करून हे कळवते, मैत्रीखातर. फोन खांद्यावर धरून बोलत असताना तिचे हात बाथटबात एका मुडद्यावर ॲसिड ओतण्यात गुंतलेले! फोन मान वाकडी करून धरायचा आणि दोन्ही हातांनी काम चालू ठेवायचं, ही कला कुणाची आहे ते आपल्याला वेगळं सांगायला नको. फक्त आपल्या हाताखाली कणीक असते.

दुसरा : इस्पितळात शिरकाव करायचा म्हणून ती वेडी बनून जाते आणि ‘मी इंग्लंडची राणी आहे’ असा आरडाओरडा करते. मिरेनबाईंनी खरोखरच राणीचं काम केलेलं असल्यामुळं हा विनोद दुप्पट चढतो. आणि बघा, तिला वेडी ठरवायला कुणालाही पुरावा लागत नाही. म्हातारी बाई ओरडतेय म्हणजे वेडीच, हे सगळ्यांनी आधीच धरलेलं असतं. ती त्याचाच फायदा घेते.

तिसरा : गरगर फिरणाऱ्या गाडीत बसून ती दोन्ही हातांत दोन पिस्तुलं घेऊन दोन्ही बाजूंच्या खिडक्यांतून एकाच वेळी गोळ्या झाडते. केसांची बट हलत नाही. सिनेमा अमेरिकेत लागला त्या दिवशी मिरेनबाईंना ६८ पूर्ण व्हायला एक आठवडा बाकी होता. आपल्याकडं या वयाच्या बाईला रिक्षातून उतरताना चार जण हात द्यायला येतात. तेही प्रेमानंच, पण येतात.

आता, सिनेमा म्हणून ‘रेड २’ फार थोर आहे का? नाही. दुसरा भाग पहिल्याइतका जमलेला नाही. गोष्टीत इतकी वळणं आहेत, की मध्येच चहा टाकायला उठलात तर बॉम्ब कुणाकडं गेला तेच कळत नाही. माणसं पटापटा मरतात आणि कुणाला वाईट वाटत नाही. कमाईही घसरली. पहिल्या भागानं जगभरात सुमारे २० कोटी डॉलर मिळवले होते, दुसऱ्यानं सुमारे १५ कोटी. तिसरा भाग काही निघाला नाही. पण एक गोष्ट या सिनेमानं बरोबर पकडलीय. व्हिक्टोरियाला कुणी ‘या वयातही किती उत्साह बाई!’ असं म्हणत नाही. मित्र तिला बोलावतात ते तिला काम येतं म्हणून आणि शत्रू तिला घाबरतात तेही तिला काम येतं म्हणूनच. तिचं वय हा सगळ्यांच्या दृष्टीनं तिचा अनुभव आहे.

‘हे सगळं सिनेमात ठीक आहे हो,’ असं तुम्ही म्हणाल. म्हणून थोडं खऱ्या हेर बायकांबद्दल.

१९९९ साली लंडनच्या एका उपनगरात पत्रकारांनी एका ८७ वर्षांच्या आजीबाईंच्या दारात गर्दी केली. नाव मेलिटा नॉरवूड. शेजाऱ्यांना त्या बागेत रमणाऱ्या साध्यासुध्या आजी म्हणून ठाऊक. आणि निघालं काय, तर या बाईंनी जवळपास चाळीस वर्षं सोव्हिएत रशियाला ब्रिटनची गुपितं पुरवली होती, अगदी अणुबॉम्बच्या संशोधनातली कागदपत्रंसुद्धा! नोकरी काय होती? एका धातू संशोधन संस्थेत सेक्रेटरी. १९७२ मध्ये त्या रिटायर झाल्या, घरी बसल्या आणि पुढची २७ वर्षं शेजाऱ्यांना पत्ता लागला नाही. आपल्याच देशाची गुपितं विकणं किंवा वाटणं याचं कौतुक मी करणार नाही. पण साहेबांच्या केबिनमध्ये कागद नेणाऱ्या-आणणाऱ्या बाईला ते कागद समजत असतील, असा विचार किती साहेबांनी केला असेल? २००५ मध्ये, ९३व्या वर्षी त्या गेल्या. सरकारनं खटला भरला नाही.

दुसरी गोष्ट थेट आपल्या दिल्लीतली. १९६७ साली ब्रिटिश वकिलातीतल्या एका अधिकाऱ्याची बायको, स्टेला रिमिंग्टन, घरी बसून कंटाळली होती. वकिलातीतल्या एका गृहस्थांना टायपिंगला मदतनीस हवी होती, तिनं ते अर्धवेळ काम धरलं. ते गृहस्थ म्हणजे ब्रिटनच्या एमआय-५ या अंतर्गत हेरखात्याचे दिल्लीतले प्रतिनिधी! टायपिस्ट म्हणून आत शिरलेली ही बाई १९९२ मध्ये त्याच एमआय-५ ची प्रमुख झाली, त्या खुर्चीवर बसलेली पहिली स्त्री. १९९६ मध्ये त्या रिटायर झाल्या. मग नातवंडांत रमल्या का? रमल्याही असतील. पण त्याबरोबर त्यांनी आत्मचरित्र लिहिलं आणि नंतर हेरकथांच्या कादंबऱ्या लिहिल्या, नायिका अर्थातच एक हेर तरुणी. २०२५ मध्ये, ९० वर्षांच्या होऊन त्या वारल्या. त्याच वर्षी एमआय-६ या ब्रिटनच्या परदेशी हेरखात्यावरही पहिल्यांदाच एक स्त्री प्रमुख म्हणून आली.

आणि आपली मराठी बाई? आहे की! मुंबईच्या रजनी पंडित. खासगी गुप्तहेर. वडील सीआयडीत होते. रजनीताई आधी एका ऑफिसात क्लार्क. तिथल्या एका सहकारी बाईच्या घरातून चोरी झाली आणि तिचा संशय घरात नव्यानं आलेल्या सुनेवर. (संशय नेहमी कुणावर जातो ते बघा!) रजनीताईंनी घरावर, येण्याजाण्याच्या रस्त्यावर लक्ष ठेवलं आणि चोर निघाला त्या बाईचाच धाकटा मुलगा. १९९१ मध्ये त्यांनी स्वतःची डिटेक्टिव्ह एजन्सी काढली. त्यांनी मुलाखतींतून सांगितलेला एक किस्सा गाजलेला आहे. एका खुनाच्या तपासासाठी त्या संशयित बाईच्या घरी मोलकरीण बनून सहा महिने राहिल्या. भांडी घासली, आजारपण काढलं आणि तिचा विश्वास मिळवला. पोलिसांना कळवायची वेळ आली तेव्हा बाहेर पडायला निमित्त हवं, म्हणून स्वतःच्याच पायावर सुरी मारून घेतली.

शिवरायांच्या बहिर्जी नाईकांच्या वेषांतराच्या कथा आपण लहानपणापासून ऐकतो. त्यांना फकीर व्हावं लागे, वासुदेव व्हावं लागे. बाईला इतकाही खटाटोप नाही. हातात झाडू घ्या, पुरे. तिच्याकडं कुणी बघत नाही, तिच्यासमोर माणसं काहीही बोलतात. सेक्रेटरी, टायपिस्ट, मोलकरीण, आजी. ‘हिला काय कळतंय’ हे जगानं गृहीत धरलंय आणि या बायकांनी त्याच समजुतीवर आपलं काम केलं.

हे लिहिताना आमच्या कॉलनीतल्या एक काकू सारख्या डोळ्यांसमोर येत होत्या. वय सत्तरीच्या पुढं. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. आजच्या मुलींना सांगून खरं वाटणार नाही, पण एकेकाळी परगावी बोलायचं तर ट्रंक कॉल बुक करावा लागे. ऑर्डिनरी, अर्जंट आणि लाइटनिंग असे त्याचे प्रकार आणि चढते दर. काकू कानाला हेडफोन लावून समोरच्या बोर्डात दोऱ्या खुपसायच्या आणि गावं जोडून द्यायच्या. पुढं एसटीडी आलं, मग मोबाइल आला आणि ते काम संपलंच.

मी विचारलं, “काकू, तुम्हाला तर सगळ्यांचं बोलणं ऐकू येत असेल.”

“अगं, लाइन लागलीय का ते बघायला कानावर पडायचंच की.”

“मग कुणाकुणाची गुपितं माहीत असतील!”

काकूंनी चष्मा पुसला. “कुणाचं लग्न मोडलं, कुणाचा धंदा बुडाला, कुणाच्या पोरीनं पळून जाऊन फोन केला, समदं कानावरून गेलं. काही जण तर आजही भाजी घेताना भेटतात. पण कानावर आलं ते कानातच ठेवायचं. नोकरीच तशी होती.”

“काकांना तरी सांगितलं असेल?”

“त्यांना कशाला? ते थोडेच ऑपरेटर होते?”

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये ब्लेचली पार्क नावाच्या ठिकाणी जर्मनांचे गुप्त संदेश उलगडण्याचं काम चालायचं. तिथं शेवटी शेवटी सुमारे ९ हजार माणसं होती आणि त्यांतल्या साधारण तीन-चतुर्थांश बायका. सत्तरच्या दशकापर्यंत त्यांनी त्या कामाबद्दल घरात ब्र काढला नाही. त्यांच्यावर आज पुस्तकं निघतात, मालिका निघतात. आमच्या काकूंना मात्र त्यांच्या घरात ‘मम्मीला मोबाइल चालवता येत नाही’ म्हणून हसतात. ज्या बाईनं आयुष्यभर अख्ख्या शहराला फोन जोडून दिले, तिला!

तशाच शेजारच्या गल्लीतल्या एक सिस्टर. सरकारी दवाखान्यातून रिटायर झालेल्या. २०२१ मध्ये कोरोनाची दुसरी लाट आली, तेव्हा दवाखान्यात बेड मिळत नव्हते आणि घराघरांत माणसं धापा टाकत होती. या सिस्टर दोन मास्क लावून दारोदार फिरल्या. ऑक्सिमीटर कसा लावायचा, पेशंटला पालथं कसं झोपवायचं, आकडा कितीच्या खाली गेला की वाट न बघता हलवायचं, हे सगळं त्यांनी शिकवलं. कुणी त्यांना बोलावणं धाडलं नव्हतं. त्यांना काम येत होतं, एवढंच. लाट ओसरली आणि आता लोक त्यांना पुन्हा फुकटात बीपी बघायला बोलावतात. सकाळी सहाला, जेवताना, दुपारच्या झोपेत. ‘सिस्टर, जरा या ना, तुम्हाला काय, वेळच वेळ!’

इथं मला व्हिक्टोरियाची पुन्हा आठवण होते. तिचा धंदा वाईट, मान्य. पण बाई काम करते ते पैसे घेऊन! आपल्याकडं रिटायर झालेले इंजिनिअर साहेब सल्लागार होतात, त्यांच्या दारावर पाटी लागते. रिटायर झालेल्या बाई मात्र ‘मदत’ करतात. शिक्षिका असेल तर गल्लीतल्या पोरांचा अभ्यास फुकट, नर्स असेल तर इंजेक्शन फुकट, बँकेत होती तर सगळ्यांचे फॉर्म भरून देणं फुकट. बाईनं प्रेमानं केलं तर आनंदच आहे. पण तिनं फी सांगितली तर ‘पैशासाठी करते’ म्हणून नाकं का मुरडायची?

आपले मराठी सिनेमेही आता वयस्क बायकांना नायिका करू लागलेत, ही फार चांगली गोष्ट. हेमंत ढोमेंचा ‘झिम्मा’ २०२१ मध्ये आला. बायकांचा एक ग्रुप इंग्लंडच्या सहलीला जातो. २०२३ मध्ये ‘झिम्मा २’ आला, त्यात सुहास जोशींच्या इंदूचा पंचाहत्तरावा वाढदिवस. त्याच वर्षी केदार शिंदेंचा ‘बाईपण भारी देवा’ आला. सहा बहिणी मंगळागौरीच्या स्पर्धेसाठी एकत्र येतात. रोहिणी हट्टंगडी, वंदना गुप्ते यांना बघायला बायका ग्रुपच्या ग्रुप करून, नऊवारी नेसून थिएटरात गेल्या. मीही त्यात होते. शिट्ट्यासुद्धा वाजवल्या. पण ‘रेड २’ बघून एक मागणं मनात आलंय. आपल्या सिनेमातल्या बायका सहलीला गेल्या, खेळल्या, मन मोकळं केलं, छानच झालं. आता एखादी बाई तिच्या कामासाठीही येऊ द्या पडद्यावर. रिटायर झालेली फौजदारीण, ट्रंक ऑपरेटर, तलाठी. गावावर संकट आलंय आणि सगळे तिला शोधत तिच्या दारात आलेत. निर्मिती सावंतांनी अशी भूमिका केली तर मी पहिल्या दिवसाचं पहिलं तिकीट काढीन.

एक हळवी गोष्टही सांगायला हवी. फ्रँकचं काम करणारा ब्रूस विलिस २०२२ च्या मार्चमध्ये खरोखरच रिटायर झाला. त्याला अफेजिया झाला, म्हणजे बोलण्याची, शब्द समजण्याची ताकद जाऊ लागली. पुढच्या वर्षी घरच्यांनी जाहीर केलं, की त्याला मेंदूचा एक प्रकारचा डिमेन्शिया आहे. त्याची पत्नी एमा त्याचं सगळं बघते. माणसाला सांभाळणाऱ्या माणसाचे काय हाल होतात, यावर तिनं २०२५ मध्ये पुस्तकही लिहिलं. सिनेमात पेन्शन ऑफिसला फोन करून शब्द जुळवणाऱ्या फ्रँकला आता बघताना वेगळंच वाटतं. आणि कळतं, की एखाद्याला अनुभव सांगायला कायमचा वेळ मिळालेला नसतो. आज जिच्या तोंडी सगळं आहे, ती उद्या तारखा विसरू लागेल. म्हणून विचारायचं ते आत्ताच विचारावं.

म्हणजे करायचं काय? फार काही नाही. आपल्या भिशीत, महिला मंडळात, हळदीकुंकवाला एखादी रिटायर बाई हमखास असते. तिला ‘वेळ कसा जातो?’ असं विचारू नका. ‘तुमच्या नोकरीत अवघड काम कोणतं होतं?’ असं विचारा. महिन्यातून एक दुपार एकीला बोलू द्या. शिक्षिकेनं चाळीस पोरांचा वर्ग कसा शांत केला, सिस्टरनं रात्रपाळी कशी काढली, पोस्टातल्या बाईंनी मनिऑर्डरीचा घोळ कसा निस्तरला. आणि तिच्याकडून काही शिकणार असाल, क्लास म्हणा, सल्ला म्हणा, तर मानधनाचं पाकीट आधी तयार ठेवा. बिनसंकोच द्या. आणि तुम्हीच रिटायर झालेल्या असाल, तर बिनसंकोच घ्या.

‘रेड २’ कुठं बघायला मिळाला तर जरूर बघा. लहान नातवंडं शेजारी नसतील तेव्हा, कारण गोळीबार भरपूर आहे. पण सूनबाईंना आणि लेकीला बरोबर घ्या. व्हिक्टोरियाची गाडी गरगर फिरू लागली, की त्यांच्या तोंडाकडं बघा. आमच्या घरी तेव्हा माझी लेक म्हणाली, “आई, ही बाई किती भारी आहे!” मी म्हटलं, “हो ना. आणि कॉलनीतल्या ऑपरेटर काकू आपल्यापासून चौथ्या घरात राहतात. चल उद्या, बसू त्यांच्याकडं.”